बसलेल्या उंदरांची कवायत

ती. अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (तो प्रत्यक्ष घातला असता तर मला उठवायला माणसं बोलवावी लागली असती, म्हणून कागदावरच घातला आहे. तूही आशीर्वाद कागदावरच दे, उठून बसायची तसदी घेऊ नकोस. तशी तू घेणार नाहीसच म्हणा.) इकडे मी आणि भिंगरी, बापलेक दोघंही ठीक आहोत. तुझी प्रकृती कशी आहे हे विचारत नाही, कारण तुझ्या सुनेकडून मला सगळी बित्तंबातमी मिळते. खुब्याचं हाड जुळलं, टाके कधीच सुकले, डॉक्टर घरी येऊन आता चालायला लागा म्हणाले, आणि तू त्यांना हाडाला विश्रांती हवी असं ऐकवून, वर चहा पाजून परत पाठवलंस, इथपर्यंत मला ठाऊक आहे. तुझ्यासाठी आणलेल्या वॉकरवर तू टॉवेल वाळत घालतेस हेही ठाऊक आहे. उशाशी एक घंटी ठेवली आहेस. ती एकदा वाजली की पाणी येतं, दोनदा वाजली की चष्मा येतो, आणि सलग वाजली की ज्याच्या हातून काही चूक झाली असेल तो येतो. तुझी घंटी ऐकून शेजाऱ्यांचं कुत्रंसुद्धा उठून उभं राहतं म्हणे. त्या घंटीनं उठत नाही असं एकच माणूस त्या गल्लीत उरलं आहे.

तू घाबरू नकोस, मी उपदेश करणार नाही. तुझ्या सुनेला मी तसा शब्द दिला आहे. परवा ती फोनवर बोलता बोलता रडली. डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले की आजीबाई आता उठल्या नाहीत तर पुढे उठायचं म्हणाल्या तरी पाय ऐकणार नाहीत. हे तिनं तुला सांगितलेलं नाही, कारण तू तिला घंटीनं मारशील. मी सांगतो आहे, कारण मी तुझ्या हाताच्या टप्प्याबाहेर आहे. पण सांगून झालं. आता पत्रात पुन्हा तो विषय काढला तर माझं नाव बदल. (नाव तू तसंही कधी नीट घेतलं नाहीस. जन्मभर धाकट्या, ए धाकट्या.) आणि मी कोणत्या तोंडानं तुला चाल म्हणू? लहानपणी फाटकापर्यंतच्या शर्यतीत तू मला एकदाही जिंकू दिलं नाहीस. एक, दोन, तीन म्हणायचं काम तुझ्याकडे आणि तू दोनलाच सुटायचीस. मी तीनची वाट बघत शहाण्यासारखा उभा. एवढं म्हातारपण आलं तरी तू ते कबूल केलेलं नाहीस. असो.

मी लिहितो आहे ते आमच्याकडे घडलेल्या एका भानगडीबद्दल. तुझ्या कानावर ती उडत उडत आली असेलच, पण भिंगरीनं सांगितलेल्या हकीकतीत सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटतं, म्हणून माझी बाजूही तुला कळली पाहिजे.

भिंगरी काय काम करते हे मला स्वतःला बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं. (तिचं भिंगरी हे नाव तूच ठेवलंस, कारण ती एका जागी ठरत नसे. आणि आता ती दिवसभर एका जागी बसून, एका जागी बसलेल्यांचा अभ्यास करते.) मी लोकांना सांगायचो की माझी मुलगी हाडांची डॉक्टर आहे. त्याचा परिणाम असा झाला की आमच्या इमारतीत तळमजल्यावर दुकान असलेला शिंपी एका सकाळी कोपर दाखवायला वर आला. भिंगरीनं त्याला समजावलं की ती माणसांना तपासत नाही, उंदरांना तपासते. शिंप्यानं थोडा विचार केला आणि विचारलं, मग उंदीर किती फी देतात? तेव्हापासून तो मला बघितलं की कोपर चोळतो. तर भिंगरीचं काम असं, की स्नायू आणि हाडं एकमेकांशी काय बोलतात ते ऐकायचं. मला आधी ती थट्टाच वाटली. आपण आयुष्यभर हाडाला नुसती खुंटी समजत आलो, मांस टांगायला. पण तसं नाही. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण ते मला ज्या परिस्थितीत शिकावं लागलं ती परिस्थितीच वेगळी होती.

झालं असं, की त्यांच्या संस्थेनं एक दिवस सगळ्यांच्या घरच्यांना प्रयोगशाळा बघायला बोलावलं. मी इस्त्रीचे कपडे घातले, बूट चकचकीत केले, आणि सवयीनं शिट्टी गळ्यात घातली. (शाळेच्या मैदानावरून निवृत्त झालो तरी शिट्टी सुटत नाही. तिच्याशिवाय गळा रिकामा वाटतो.) दारातच त्यांनी मला डोक्याला टोपी, अंगाला झगा, बुटांवर निळ्या पिशव्या आणि तोंडाला फडकं असं सगळं चढवलं. मला वाटलं हे माझ्या रक्षणासाठी असेल. नंतर कळलं, उंदरांना माझ्यापासून काही होऊ नये म्हणून. किती होणार आहे याचा त्यांना तेव्हा अंदाज नव्हता.

उंदरांची खोली तळघरात. भिंतीला लागून पारदर्शक पेट्यांच्या रांगा, वर मंद दिवे, एसीची घरघर आणि भुशाचा वास. प्रत्येक पेटीत एक चाक. उंदीर त्यात शिरतो आणि पळत सुटतो, चाक फिरत राहतं. डाव्या रांगेतले उंदीर पळत होते. काय पळत होते म्हणून सांगू, मला माझी आंतरशालेय स्पर्धेची पोरं आठवली. आणि उजव्या रांगेत? उजव्या रांगेतले उंदीर बसले होते. कोणी भुशात तोंड खुपसून, कोणी चाकातच अंग टाकून. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मैदानावर एखादं पोर सावलीत बसलेलं दिसलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पोटात दुखतंय, गुडघा दुखतोय, वही शोधतोय, सगळी कारणं मला पाठ. तेवढ्यात भिंगरीला वरून फोन आला, ती म्हणाली बाबा दोन मिनिटांत येते, कशाला हात लावू नका, आणि गेली.

आता अक्का, तू नीट ऐक, कारण इथेच माझी बाजू आहे. मी उजव्या रांगेच्या पेटीशी वाकलो. आतला उंदीर माझ्याकडे बघत होता. मी त्याला, खालच्या आवाजात, कारण विचारलं. त्यानं मिशा हलवल्या. मग मी चाकाकडे नीट बघितलं, आणि पाहतो तर काय, चाकाला बाहेरून एक प्लॅस्टिकची चाप लावलेली. चाक फिरेल कसं? मला वाटलं, साफसफाई करताना कोणीतरी लावली आणि काढायची विसरला. सरकारी असो की खासगी, हाताखालची माणसं अशीच. त्या बिचाऱ्यांना पळायचं होतं आणि त्यांना कोणी पळू देत नव्हतं. मी त्यांच्याबद्दल उगाच वाईट विचार केला याची मला लाज वाटली. मी चाप काढली. उंदरानं एक पाऊल टाकलं, चाक हललं, तो दचकला, मग दुसरं पाऊल टाकलं. आणि मग जो सुटला! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. मी दुसरी काढली, तिसरी काढली, अख्खी रांग मोकळी केली, चापा खिशात टाकल्या आणि भिंगरी आली तेव्हा हात मागे बांधून विश्राम अवस्थेत उभा होतो. शिट्टी वाजवायचा मोह झाला होता, तो मी आवरला. एवढ्या संयमाचं श्रेय मला कोणी देत नाही.

मी हे तिला का सांगितलं नाही, असं तू विचारशील. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. रस्त्यात कोणाची सायकल पडली तर आपण ती उभी करतो आणि पुढे जातो, त्यातला प्रकार. चापा घरी आल्यावर शिंप्याला दिल्या, त्याला कापडाच्या घड्या धरायला उपयोगी पडल्या.

त्यानंतर काही आठवडे भिंगरीचा चेहरा उतरत चालला. जेवताना गप्प, रात्री फेऱ्या मारते, विचारलं तर काही नाही म्हणते. मला वाटलं प्रेमप्रकरण असेल, म्हणून मी समजूतदारपणे विषय काढला नाही, फक्त शिंप्याला विचारलं की कोणी मुलगा येतो का खाली उभा राहायला. शेवटी एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर चहा घेऊन बसली आणि भडाभडा बोलायला लागली. ती म्हणाली, बाबा, माझा प्रयोग बुडाला. पळणाऱ्या उंदरांची हाडं भक्कम व्हायला हवीत आणि बसलेल्यांची ढिसाळ, त्या फरकावर माझं सगळं काम उभं आहे. पण हाडांच्या चित्रांत फरकच दिसत नाही. जाळी धरायला लावून मागे ओढलं तर बसलेले उंदीर पळणाऱ्यांइतक्याच जोरानं धरून ठेवतात. रक्त तपासलं तर पळताना स्नायू जे पदार्थ सोडतो ते बसलेल्यांच्या रक्तातही सापडतायत. न पळता! तीन वेळा तपासलं. म्हणजे एक तर मी चुकले किंवा आजवरचं सगळं जग चुकलं, आणि जग चुकलं असण्याची शक्यता कमी आहे. असं म्हणून पोरीनं कपाळाला हात लावला.

माझ्या पोरीला असं हरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, हिला धीर द्यावा. म्हणून मी म्हणालो, अगं, ते बसलेले कुठे आहेत, त्यांना तर मी केव्हाच पळायला लावलं.

अक्का, शाळेत एकदा माझ्या गोळाफेकीच्या गोळ्यानं संस्थेच्या अध्यक्षांच्या गाडीची काच फुटली होती. त्यानंतर मैदानावर जी शांतता पसरली होती तशी शांतता मी त्यानंतर प्रथमच ऐकली. भिंगरीनं कप खाली ठेवला. मला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. ते चाप लावून ठेवणं मुद्दाम होतं. दोन्ही रांगांना सगळं सारखं द्यायचं, तेच खाणं, तेच चाक, फक्त एकाचं फिरतं आणि दुसऱ्याचं अडवलेलं, म्हणजे जो फरक पडेल तो पळण्यानंच पडला असं म्हणता येतं. हे मला कोण सांगणार? दारावर पाटी लावायला काय झालं होतं? आणि पेट्यांची निगा राखणाऱ्या माणसानं एवढे आठवडे बघितलं नाही का, असं मी विचारलं. (हल्ला हाच उत्तम बचाव, हे मी पोरांना शिकवलं आहे.) तर त्याला वाटलं भिंगरीनंच चापा काढायला सांगितल्या. आणि त्याच्या हाताखाली दुसरी एक बाई आहे तिला वाटलं की त्याला सांगितलं असेल. भिंगरी वरच्या मजल्यावर रक्ताच्या नळ्यांत डोकं घालून बसलेली. उंदीर जास्त पळतात ते रात्री, तेव्हा बघायला कोणीच नसतं. सगळे आपापल्या जागी प्रामाणिक होते आणि उंदीर मजेत होते.

भिंगरी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली की बाबा, तुम्हाला कोणाला बसलेलं बघवतच नाही का. मी उठलो, टाचा जुळवल्या, मैदानावर करायचो तसा एका झटक्यात मागे वळलो, आणि स्वयंपाकघरातून बाहेर गेलो. निदान बाहेर जाताना तरी माणसाची ऐट शाबूत असावी.

दुसऱ्या दिवशी ती तिच्या मोठ्या बाईंकडे गेली. या बाई म्हणजे त्या विभागाच्या प्रमुख, भिंगरी त्यांना माझ्याहून जास्त घाबरते. ती नोकरी गेली असंच धरून गेली होती. मीही घरी बसून तेच धरलं होतं आणि मला चहासुद्धा गेला नाही. बाईंनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं की तुझे वडील काय करतात. कवायतीचे शिक्षक होते म्हटल्यावर बाई हसत सुटल्या, त्यांना पाणी द्यावं लागलं. मग गंभीर होऊन म्हणाल्या की हा प्रयोग आता कुठेही छापता येणार नाही, पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल, आणि या वेळी दाराला कुलूप. पण एक गोष्ट बघ, त्या म्हणाल्या. ते उंदीर आधी बराच काळ खरोखरच बसलेले होते. त्या वेळची हाडांची चित्रं तुझ्याकडे आहेत, आणि ती वाईट आहेत. मग ते उठले. आणि उशिरा उठूनही त्यांची हाडं आणि स्नायू दोन्ही सावरले. हे तू ठरवून केलंस तर काहीतरी हाती लागेल. आता भिंगरीच्या नव्या प्रयोगात तीन रांगा आहेत. पळणारे, बसलेले आणि उशिरा सुरू करणारे. तिसऱ्या रांगेला सगळे जण बाबांचा वर्ग म्हणतात. मला हे ती हसत हसत सांगते, म्हणजे तिनं मला माफ केलं आहे, पण तळघरात मला अजून बंदी आहे.

आता ते बोलण्याचं. काही आठवड्यांपूर्वी एका संध्याकाळी मी खुर्चीत पाय पसरून बसलो होतो (का, ते विचारू नकोस) आणि भिंगरी समोर जमिनीवर बसून माझ्या पोटरीवर बोट टेकवून मला शिकवत होती. ती म्हणाली, हा स्नायू आखडला की नुसता पाय हलत नाही, तो रक्तात निरोप सोडतो. एका निरोपाचं नाव आयरिसिन. तो रक्तातून हाडापर्यंत जातो आणि तिथल्या हाड बांधणाऱ्या पेशींना कळतं की इकडे काम चाललंय, भर घाला. हाडाच्या आतही पेशी बसलेल्या असतात, त्यांना अंगावर भार पडतो आहे की नाही हे कळतं. भार पडेनासा झाला की त्या स्क्लेरोस्टिन नावाचा पदार्थ जास्त सोडतात, आणि तो बांधणाऱ्यांना म्हणतो की थांबा, कोणाला गरज नाही. मला वाटलं होतं हाड बिचारं फक्त ऐकून घेतं. पण नाही, तेही उलट निरोप धाडतं. त्याचा एक ऑस्टिओकॅल्सिन नावाचा पदार्थ आहे, तो आपण पळताना स्नायूकडे जातो आणि इंधन नीट वापरायला त्याला मदत करतो. शिवाय स्नायूचा स्वतःचा एक लगाम आहे, मायोस्टॅटिन. तो स्नायूला वाढू देत नाही, हाडालाही आवरून धरतो, आणि माणूस बसून राहिला की त्याला जोर चढतो. (आमचे जुने मुख्याध्यापक असेच होते. मैदानावर जरा रंग भरला की व्हरांड्यात येऊन पुरे म्हणायचे.)

मी तिला म्हणालो, पण मोडलेल्या हाडाला विश्रांती नको का? (बघ, तुझा मुद्दा मी तुझ्या वतीनं मांडला. भाऊ म्हणून माझं कर्तव्य.) ती म्हणाली, जुळेपर्यंत हवीच, डॉक्टर सांगतील तितकी. पण जुळल्यावर नाही, बाबा. मग ती विश्रांती नसते, मग दोघांचा एकमेकांशी अबोला सुरू होतो. स्नायू हलत नाही म्हणून हाडाला निरोप जात नाही, हाड खंगतं म्हणून स्नायूला आधार राहत नाही, आणि दोघंही समोरच्याची वाट बघत झिजत जातात. कोणी सुरू करायचं, मी विचारलं. तिनं पोटरीला चिमटा काढला आणि म्हणाली, ज्याला हलता येतं त्यानं.

मी यावर बराच विचार केला, अक्का. माणसानं माणसाला निरोप पाठवला नाही तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. तुझ्या ऑपरेशनपासून आपलं दोघांचं धड बोलणं झालेलं नाही. मी फोन केला की सून उचलते, तू पलंगावरून सांगतेस की मी बरी आहे म्हणावं. तू फोन केलास (म्हणजे घंटी वाजवून करवलास) की भिंगरी उचलते आणि मी खुर्चीतून सांगतो, मी मजेत आहे म्हणावं. आपल्या दोघांची खुशाली दोन पोरी एकमेकींना कळवतात. मला तुझा आवाज ऐकावासा वाटतो. तू धाकट्या म्हणून हाक मारलीस की मी अजून कोणाच्या तरी पाठचा आहे असं वाटतं, आणि ते मला बरं वाटतं. हे तोंडावर बोलता आलं नसतं, म्हणून लिहिलं.

बाकी सर्व क्षेम. उपदेशाचा एकही शब्द आला नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. सुनेला आशीर्वाद, कुत्र्याला शाबासकी, घंटीला रजा. लोभ आहेच, तो तसाच ठेव, आणि रागही राहू दे, त्यानं तुझी तब्येत सुधारते.

तुझा,
धाकटा

ता. क. वर मी लिहिलं आहे की मी टाचा जुळवून मागे वळलो आणि स्वयंपाकघरातून बाहेर गेलो. त्यात एक शब्द गाळला आहे. मी बाहेर नेला गेलो. फरशी ओली होती, आणि वळताना वरचा मी वळलो, खालचा घोटा तिथेच राहिला. भिंगरीनं डोकं धरलं, शिंप्यानं पाय धरले, आणि जिन्यावरून नेताना तो शहाणा प्रत्येक पायरीला कोपर दुखल्यासारखं करत होता. घोट्याचं हाड मोडलं, प्लास्टर झालं, ते निघालंसुद्धा. निघाल्यावर खालून जो पाय बाहेर आला तो माझा नव्हेच. ज्या पोटरीवर पोरं पैज लावायची तिची काडी झाली आहे. डॉक्टर चाला म्हणतात. मी हाडाला विश्रांती हवी असं सांगून त्यांना चहा पाजतो. त्या दिवसापासून मी जिना उतरलेलो नाही, अक्का. खिडकीशी खुर्ची टाकून बसतो आणि खालून जाणाऱ्या शाळकरी पोरांची चाल सुधारतो. खरं सांगतो, मला त्या जिन्याची भीती वाटते. ही गोष्ट मी भिंगरीलाही कबूल केलेली नाही. आणि आमच्याकडेही एक घंटी आहे. माझी शिट्टी.

ता. क. दुसरा. म्हणून एक विनंती आहे, पत्र त्यासाठीच लिहिलं. माझा मोबाइल मी आज खाली शिंप्याच्या दुकानात ठेवायला दिला आहे आणि माझ्याशिवाय कोणाला द्यायचा नाही अशी ताकीद केली आहे. (कोपर भिंगरीला दाखवून देईन या बोलीवर त्यानं ऐकलं.) तुझा मोबाइल तुझी सून तुझ्या उशाजवळून उचलून व्हरांड्याच्या खिडकीत ठेवणार आहे. तिच्यावर चिडू नकोस, कट माझा आहे. मी रोज संध्याकाळी पाच वाजता फोन करेन. तुझ्याशिवाय कोणी उचलला तर बंद करेन. खिडकीपर्यंत वॉकरनं ये, सून बाजूला असेल, ती हात लावणार नाही आणि बाजू सोडणारही नाही. टॉवेल आधी काढ.

ता. क. तिसरा. अक्षर वाकडं आलं आहे, कारण हे मी शिंप्याच्या कापायच्या टेबलावर, त्याच्याच पेन्सिलीनं लिहितो आहे. उभ्यानं. कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत, मध्ये एकदा खाली बसून, पण उतरलो. शिंपी दारात येऊन बघत होता, तो कोपर चोळायचं विसरला. परत वर कसं चढायचं ते अजून ठरलेलं नाही. पत्र तुला मिळेपर्यंत दोन-चार दिवस जातील. तेवढे दिवस पाचला तुझा फोन नुसताच वाजेल, तरी मी खाली येऊन तो वाजवणार. तो वाजतोय म्हणजे मी आमचा जिना उतरलो आहे, एवढं समज. आता मी इथून एक म्हणतो. तीनपर्यंत थांबू नकोस, अक्का. तू नेहमीसारखी दोनलाच सुट, मी तक्रार करणार नाही.